निम्म्या पगारात मिळणारी माणसं

माझी बायको सुषमा पाहुण्यांना माझी नोकरी एका दमात समजावून सांगायची. "दुकानात साड्यांवर सूट लागते ना, तशी हे माणसांवर लावून राहिले होते." पाहुणे हसायचे, मीही हसायचो. रिटायर झाल्यापासून मात्र ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. आता आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फर्मान काढलंय, "मेश्राम भाऊजी, नोकरीतल्या गमती लिहा, पण रडकं नका लिहू बरं." बाई, गमती लिहितो. रडक्याचं काही सांगता येत नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण आमच्या जबलपूरच्या मराठी घरांतही पुष्कळांना ते माहीत नाही. ज्यांना कोणी सहजासहजी कामावर ठेवत नाही, म्हणजे कोणाला पाय नाही, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, अशा लोकांची आमच्या सरकारी दफ्तरात, म्हणजे ऑफिसात, नोंद असायची. मी दुकानं, कारखाने, हॉटेलं पालथी घालून मालकांना म्हणायचो की यांच्यातला एक जण ठेवा, पहिली काही वर्षं त्याचा निम्मा पगार सरकार देईल. योजनेला गाडीच्या डब्याएवढं लांब नाव होतं. आम्ही तिला नुसतं 'आधी वाली' म्हणायचो, आधी म्हणजे हिंदीतलं निम्मी. सरकारचा हिशेब सरळ होता. एकदा का मालकाने त्या माणसाचं काम पाहिलं, की पुढे आपल्या खिशातून पूर्ण पगार देऊन तो त्याला ठेवेल. कागदावर वाचलं की डोळ्यांत पाणी यायचं, इतकं चांगलं वाटायचं.

बाजारात मात्र एकेक नमुने भेटत. सदर बाजारात एक हॉटेलवाला होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि अगदी प्रामाणिक चेहऱ्याने विचारलं, "जिसके दोनों पैर न हों, वैसा केस ले लूँ तो पूरी तनखा मिल जाएगी क्या?" मी म्हटलं, भैया, ही वजनावर मिळणारी वस्तू नाही. तो ओशाळला वगैरे अजिबात नाही. "पूछने में क्या है," म्हणाला आणि वर समोसा मागवला. दुसरा एक फर्निचरवाला. त्याने माझ्याकडून एका कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाला नेलं आणि दुकानाच्या बाहेर स्टुलावर बसवून ठेवलं. काम काही नाही. मी विचारलं तर म्हणाला, आपलं पुण्य होतं आणि गिऱ्हाईकही थांबतं.

चांगलंही पाहिलं, खोटं कशाला बोलू. मझौलीला एका पिठाच्या गिरणीवर मी एका पोलिओवाल्या माणसाला लावलं होतं. अनुदान संपलं तरी मालकाने त्याला सोडलं नाही. मी कौतुक करायला गेलो तर मालक वैतागून म्हणाला, "अरे, इसको निकालूँ तो शाम को ताश किसके साथ खेलूँ?" तेव्हा कळलं की तिथे सरकारी पैशाने फक्त दार उघडलं होतं, आतलं काम पत्त्यांनी केलं. असे पत्ते प्रत्येक ठिकाणी कुठून आणायचे?

पण मला सांगायचं आहे ते फूलवतीबद्दल. फूलवती मरावी, कुंडमकडची गोंड मुलगी. लहानपणी कसल्याशा तापात तिचे कान गेले. त्याआधी बोलायला शिकली होती म्हणून बोलायची, पण आवाज सपाट यायचा आणि लोक वळून पाहायचे, म्हणून कमीच बोलायची. समोरच्याचे ओठ वाचायची. जबलपुरात एक खोली भाड्याने घेऊन राहायची आणि धाकट्या बहिणीला सोबत ठेवून शिकवायची. बहीण नर्स होणार, हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तिच्या नोकरीबद्दल विचारून राहिलो होतो आणि ती बहिणीबद्दल सांगून राहिली होती.

तिला मी दोनदा 'आधी वाली'तून कामाला लावलं. आधी एका पापडवाल्याकडे, मग एका छापखान्यात. दोन्हीकडे एकच झालं. अनुदान होतं तोवर "बड़ी मेहनती लड़की है", आणि अनुदान संपलं त्या महिन्यात "काम कुछ जम नहीं रहा". दुसऱ्या खेपेनंतर ती दफ्तरात यायची बंद झाली. मला वाटलं, गावाकडे गेली असेल. आमच्याकडे बरेच जण असेच नाहीसे व्हायचे.

मग एक दिवस मी बबलू सेठच्या कारखान्यात गेलो. जबलपूरचे सलवार-सूट दूरदूर जातात, त्यातलाच हा एक मध्यम कारखाना. लांब शेड, दोन्ही बाजूंना शिलाई मशिनी आणि सगळ्या एकदम चालू. बापा रे बापा, काय आवाज! आत पाय टाकला की सगळं जग बहिरं. तिथे कोणी कोणाला हाक मारतच नाही. कटिंग मास्टर दोन बोटं वर करतो, म्हणजे दुसरा गठ्ठा आण. कोणी गळ्याशी बोट फिरवतं, म्हणजे गळ्याचे तुकडे संपले. चहाची खूण वेगळी, दोरा तुटल्याची वेगळी, सेठ चिडलाय याची तर फारच मजेशीर. सगळे हातांनी बोलतात आणि नजरेने समजून घेतात.

बबलू सेठ शेडच्याच एका टोकाला टेबल टाकून बसायचा. मी त्याच्या कानाशी ओरडून माझी कॅसेट सुरू केली. निम्मा पगार, काही वर्षं, कागद आम्हीच करू. आणि बोलता बोलता माझी नजर मधल्या रांगेवर गेली. तिथे फूलवती बसली होती. गळा बसवत होती. सूटमध्ये गळा बसवणं हे सगळ्यात नाजूक काम, ते नवख्याला देत नाहीत.

तिने मला आधीच पाहिलं होतं. मशीन चालूच होती, पण तिची नजर माझ्या तोंडावर होती. मी काय बोलून राहिलो आहे हे त्या शेडमध्ये बबलू सेठशिवाय फक्त तिलाच कळत होतं. दोनदा तेच भाषण पाहिलेलं होतं तिने, तोंडपाठ असेल. तिने मान अगदी थोडी हलवली आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाली, "मत बताना सर."

मला ओठ वाचता येत नाहीत. पण ते वाचता आले.

बबलू सेठ हात झटकून म्हणत होता, "नहीं मेश्राम जी, ऐसे लोगों का काम नहीं है यहाँ. बहरा आदमी इस शोर में क्या करेगा?" मी त्याच्याकडे पाहिलं, मधल्या रांगेकडे पाहिलं आणि म्हटलं, "हओ सेठजी, बात तो सही है." माझ्या आख्ख्या नोकरीत मालकाचं म्हणणं मी इतक्या आनंदाने कधी मान्य केलं नसेल. जाताना एक पत्रक तेवढं टेबलावर ठेवलं, सवयीने. बाहेर येऊन स्कूटर सुरू केली आणि एकटाच हसत सुटलो. पोरगी आपल्या पायाने गेली होती, अख्ख्या शहरातली बरोबर ती जागा शोधून, जिथे तिच्यात आणि बाकीच्यांत काही फरकच नव्हता. पूर्ण पगारावर. सरकार नाही, मेश्राम नाही, कोणाची मेहेरबानी नाही.

तिने नको का म्हटलं, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. माझे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे सरकारी कारखान्यात मजूर म्हणून आले. मी आमच्या घरातला पहिला बाबू. दफ्तरात रुजू झालो त्या दिवशी माझ्या पाठीमागे कोणी तरी "कोटे वाला", म्हणजे आरक्षणातला, असं म्हणालं, ते मी आजही त्याच आवाजात ऐकतो. पण माझ्यात आणि तिच्यात एक मोठा फरक होता. माझी जागा माझ्या हक्काची होती आणि रिटायर होईस्तोवर माझीच राहिली. मला ठेवलं म्हणून कोणाला सूट मिळत नव्हती. तिला आम्ही हक्क दिला नव्हता, तिचा भाव पाडला होता. आणि ज्या मालाचा भाव पडतो त्यात काही तरी खोट असणारच, असं कोणतंही गिऱ्हाईक समजतं.

पुढे बरेच दिवस सगळं ठीक चाललं. कधी त्या रस्त्याने गेलो तर दारातूनच डोकावायचो. ती मान न हलवता एक भुवई उडवायची, मी पुढे निघायचो. आमची तेवढीच ओळख.

मग उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली. लाइट जाणं आपल्याकडे काय नवीन आहे? पण त्या दिवशी बबलू सेठ नेमका शेडच्या मधोमध उभा होता. हे सगळं नंतर त्यानेच मला रंगवून सांगितलं. मशिनी एकदम बंद पडल्या आणि शेडमध्ये अशी शांतता झाली की बाहेरचा कुल्फीवाला ऐकू यायला लागला. बाया आपसात बोलायला लागल्या. फूलवती पाठमोरी, तुकड्यांच्या घड्या घालत होती. सेठने सहज हाक मारली, "फूलवती!" ती वळली नाही. पुन्हा मारली. मग चिडून ओरडला. सगळ्या बाया गप्प झाल्या आणि तिच्या पाठीकडे बघायला लागल्या. शेवटी शेजारणीने खांद्याला हात लावला, तेव्हा ती वळली आणि सगळे चेहरे आपल्याकडे पाहताहेत हे तिने पाहिलं.

बबलू सेठ माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. त्याने तिला काढलं नाही, रागावलाही नाही. तो माझं पत्रक घेऊन दफ्तरात आला, सोबत खव्याच्या जिलेबीचा पुडा. "मेश्राम जी, मुँह मीठा करो! आपका केस तो मेरे यहाँ पहले से बैठा है!" लॉटरी लागल्यासारखा चेहरा होता त्याचा.

मी नियमाची ढाल पुढे केली. म्हटलं, सेठजी, योजना नव्या भरतीसाठी आहे, जी कामावर आहेच तिच्यासाठी नाही. जन्मात पहिल्यांदा मला एखादा सरकारी नियम आवडला होता. सेठ डोळे मिचकावून म्हणाला, "तो नई कर देते हैं." आता हे धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे एका शेडमध्ये दोन फर्म असतात. एक नवऱ्याच्या नावाची, एक बायकोच्या नावाची. मशिनी त्याच, पंखे तेच, पाटी तेवढी वेगळी. बबलू सेठने फूलवतीला आपल्या नावाच्या फर्ममधून काढलं आणि आपल्या बायकोच्या फर्ममध्ये घेतलं. ती ज्या स्टुलावर बसली होती ते स्टूलसुद्धा हललं नाही.

मी साहेबांकडे गेलो. आमचे साहेब नवीन होते, भोपाळहून आलेले, उत्साही. मी म्हटलं, हे बरोबर नाही, मुलगी आधीच कामावर आहे. ते म्हणाले, "मेश्राम जी, एक दिव्यांग लड़की को रोज़गार मिल रहा है. आपको तकलीफ़ क्या है?"

"साहब, रोज़गार उसके पास है."

"तो और पक्का हो जाएगा."

मी विरोधाची टीप लिहून दिली. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली आणि मला चहा मागवला.

रविवारी फूलवती माझ्या घरी आली. पत्ता कुठून काढला कोण जाणे. सुषमाने तिला पोहे दिले. ती पोह्यांना हात न लावता माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी घाबरून गेलो, खरं सांगतो. म्हटलं, हिला वाटत असेल मीच सांगितलं. मी सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "मैंने नहीं बताया."

"मालूम है," ती म्हणाली. "बत्ती ने बताया."

आणि हसली. हसली म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मग म्हणाली, "सर, मेरा नाम काट दो. मैं पूरे वाली हूँ. वहाँ सब मुझे पूरे वाली समझते थे."

मी तिला काय काय होऊ शकतं ते सांगितलं. तिने सही नाही केली तर अर्ज पुढे जाणार नाही, पण सेठ नाराज होईल, आणि तोंडाशी आलेला घास गेला म्हणून काढूनही टाकेल. बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. सुषमा मधेच बोलली, "काहून हो, एवढे दिवस तर तो पूर्ण पगार देऊनच राहिला होता ना? मग आता काय झालं त्याला?" फूलवतीने थंड झालेले पोहे संपवले, सुषमाला हात जोडले आणि गेली. त्या आठवड्यात तिने सही केली.

पुढचं झरझर झालं. साहेब फोटोग्राफर घेऊन कारखान्यात गेले. मलाही जावं लागलं. मधल्या रांगेतून फूलवतीला उठवून दाराशी बसवलं होतं, म्हणजे येणाऱ्याला लगेच दिसावी. साहेबांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सेठला म्हणाले, "इनको हल्का काम दीजिएगा." सेठने लगेच मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून गळ्याचं काम दुसरीकडे गेलं आणि फूलवतीला धागा कटाई मिळाली. तयार सूटवरचे लोंबते दोरे छोट्या कात्रीने कापायचे, बस्स. ते काम नव्या आलेल्या म्हाताऱ्या बायांना देतात. आधी ज्या बाया तिच्याशी हातांनी गप्पा मारायच्या, त्या आता तिच्या कानाशी येऊन ओरडायच्या. बिचारी म्हणायच्या. त्या शेडमध्ये सगळेच बहिरे होते, आता एकटी तीच बहिरी राहिली.

मी गेलो की ती भुवई उडवायची नाही. खाली बघून दोरे कापत राहायची. माझा राग होता का? माहीत नाही. असता तरी मी काही म्हटलं नसतं.

आणि मग अनुदानाची मुदत संपली. महिनाभराने मी कारखान्यात गेलो तर दाराशी स्टूल रिकामं. बबलू सेठने खुर्ची पुढे केली, नेहमीसारखी खूण करून चहा मागवला. मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं. तो खरोखर वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "क्या करूँ मेश्राम जी, धागा कटाई के लिए पूरी तनखा कैसे दूँ?"

मी म्हटलं, गळ्यावर बसवा, ती तुमची गळ्याचीच कारागीर होती. तो म्हणाला, "अब वो हल्के काम वाली हो गई ना." मी चिडलो. नोकरीत मालकांवर चिडायची मुभा नसते, पण चिडलो. त्या आवाजात घसा फाडून ओरडलो, "सेठजी, पहले आप उसको पूरी तनखा देते थे! अपनी जेब से! ख़ुशी से देते थे!"

बबलू सेठने माझ्याकडे पाहिलं. लबाडी नव्हती त्या नजरेत, थोडं आश्चर्य होतं. म्हणाला, "तब मालूम नहीं था ना."

चहा आला. मी तो प्यायलो की नाही, आठवत नाही. निघताना सेठ दारापर्यंत सोडायला आला आणि रिकाम्या स्टुलाकडे बोट करून म्हणाला, "जगह ख़ाली है. कोई दूसरी हो तो भेज देना." आणि आम्ही भेजली. दफ्तराचं कामच ते होतं. तिच्यानंतर आणखी एक. त्या स्टुलाला कारखान्यात 'सरकारी स्टूल' म्हणायचे, हे मला फार नंतर कळलं.

नातेवाइकांत कोणी अर्थशास्त्र शिकणारं पोर भेटलं की मला विचारतं, काका, पगाराचं अनुदान दिल्याने मालक अशा लोकांना खरंच कामावर घेतात का? मी म्हणतो, घेतात बाबा, घेतात की. मी स्वतः किती जणांना चिकटवलं. मझौलीच्या गिरणीवाल्याची गोष्टही सांगतो. फूलवतीची सांगत नाही. ती सांगायला लागलो की जिलेबीच्या पुड्यापासून स्टुलापर्यंत सगळं सांगत बसतो, आणि पोरांना उत्तर हवं असतं, म्हाताऱ्याची कहाणी नाही. मला योजना बंद करा असंही म्हणायचं नाही. त्या पैशाच्या आशेशिवाय कित्येक मालकांनी मला दारातही उभं केलं नसतं. फक्त एवढंच वाटतं की आम्ही कधी त्या माणसाला विचारलं नाही, तुझ्यावर सूट लावू का म्हणून. एका मुलीने न विचारता सांगितलं होतं, आणि ते मला नीट कळलं होतं, तरी माझ्याच्याने काही झालं नाही.

या वर्षी राखीच्या आधी सुषमाला साडीला फॉल-पिको करायचं होतं. सदरमध्ये गल्लीत एक दुकान आहे, पुढे काउंटर, मागे तीन-चार मशिनी. मी तिच्यासोबत पायरी चढलो आणि थबकलो. मागच्या मशिनीवर फूलवती होती. अंगाने थोडी भरली होती, चष्मा लागला होता. काउंटरवरचा मालक कोणाला तरी सांगून राहिला होता की ही आपली सगळ्यात हुशार कारागीर आहे, ब्लाउजचा गळा असा बसवते की बघत राहा. मशिनींचा खडखडाट चालू होता. तिने मान वर केली. मला पाहिलं. ओठ हलवले नाहीत. नुसतं बघत राहिली.

मी सुषमाला म्हटलं, तू जा, मी बाहेर थांबतो, आत फार उकडून राहिलं आहे. आणि समोरच्या चाटवाल्याकडे जाऊन उभा राहिलो, दुकानाकडे पाठ करून.

सुषमा बऱ्याच वेळाने आली, जरा घुश्शातच. तिने फूलवतीला ओळखलं नव्हतं. एकदाच पाहिलेली, तीही इतक्या वर्षांपूर्वी.

"काम चांगलं आहे हो त्या बाईचं," ती म्हणाली, "पण काय ताठा! मी मागून किती हाका मारल्या, 'दीदी, दीदी'. वळून म्हणून पाहिलं नाही तिने. तो दुकानवाला पण तिच्याकडे बघायला लागला."

माझ्या हातातली प्लेट मी खाली ठेवली. दुकानवाला काउंटरवरून आमच्याकडेच बघत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, हिंदीत, मी बायकोला म्हटलं,

"अरे भई, मशीन चल रही थी. मशीन के शोर में किसको सुनाई देता है?"